बोरसे मास्तरांची पंगत

‘भरताचं वांगं’ नावाचा रंग जगातल्या कुठल्याही शेडकार्डात सापडायचा नाही. पण सुरतेजवळ कडोदऱ्याच्या आमच्या साड्यांच्या प्रिंटिंग मिलमध्ये तो होता. जळगावकडं भरीत करायला पांढुरकं हिरवं वांगं लागतं ना, अगदी तसा. ‘भाकरी’ म्हणजे करडा, कळण्याच्या भाकरीसारखा. ‘तर्री’ म्हणजे शेवभाजीवर तरंगतो तो तांबडा. ‘तापी’ म्हणजे भर श्रावणातला मातकट. ही सगळी बारशी बोरसे मास्तरांनी केलेली. रंग कालवायच्या खोलीला मिलमध्ये ‘कलर किचन’ म्हणत, आणि त्या किचनमधले गंजामकडून आलेले ओडिया कारागीर, ज्यांनी जन्मात कळण्याची भाकरी पाहिली नव्हती, ते खुशाल ओरडायचे, “मास्टर, भाकरी खतम!” नव्या माणसाला वाटायचं, इथं कँटीन आहे.

मास्तर मूळचे पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. सुरतेत येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. उंच, हडकुळे, अंगात कायम तोच खाकी शर्ट. किचनमध्ये ते अनवाणी वावरत. चप्पल दाराबाहेर, देवळात ठेवावी तशी. त्यामुळं आदल्या दिवशी मिलमध्ये काय छापलं हे कळायला रजिस्टर बघावं लागत नसे, मास्तरांच्या टाचा बघितल्या की झालं. कधी हळद, कधी डाळिंब, कधी हिरवंगार केळीचं पान. बायको घासून घासून थकली असं ते सांगत. सांगताना मात्र तोंडावर नवरदेवासारखा तोरा.

मी त्या मिलमध्ये ‘कॉम्प्युटरवाळा बेन’ होते. ह्यांची बँकेत सुरतेला बदली झाली, आम्ही उधन्याला बिऱ्हाड केलं, आणि माझी गणितातली एम.एस्सी. ट्रंकेतल्या शालूसारखी घडीत पडून राहिली. मग नव्वदीच्या मधल्या त्या वर्षांत जो तो कॉम्प्युटर घ्यायला लागला, तसा आमच्या शेठनीही घेतला. एक वातानुकूलित खोली, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि करकर करणारा प्रिंटर. मी मालाची चलनं छापायची आणि उरलेला वेळ खिडकीतून बॉयलरची चिमणी बघायची. मिलची बस सकाळी उधन्याहून निघून पर्वत पाटियावरून कडोदऱ्याला जाई. मास्तर त्याच बसला असायचे, पण वर्षभर आमचं बोलणं ‘राम राम’च्या पुढं गेलं नाही.

एक दिवस ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. चप्पल बाहेर काढून आत आले आणि कॉम्प्युटरकडं बघत म्हणाले,

“ताई, तुमचा हा डबा जोड्या लावतो का?”

मी म्हटलं, “कुणाच्या?”

“रंगांच्या वो. माणसांच्या लावायला मी आहे की.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. एका साडीला छपाईच्या पाच जाळ्या. जमिनीची, म्हणजे मागच्या रंगाची एक, फुलाची एक, पानाची एक, काठाची एक आणि सगळ्याभोवती बारीक रेघ काढणारी एक. किचनमध्ये बारा रंग. प्रत्येक जाळीतून कुठलाही रंग सोडता येतो. नक्षी तीच, पण रंग बदलले की साडी बदलली. ह्याला मॅचिंग म्हणतात. व्यापारी, म्हणजे मिलच्या भाषेत पार्टी, दर नक्षीची दहा-बारा मॅचिंग मागते. आतापर्यंत मास्तर ती मनानं लावत. आता त्यांना कागदावर सगळ्या जोड्यांची यादी हवी होती.

“सगळ्या?” मी विचारलं.

“सगळ्या बघू तरी.”

मी मोठी शहाणी. एवढं तर माझ्या डाव्या हाताचा मळ! एका घिरटीत, म्हणजे प्रोग्रामातल्या लूपमध्ये, दुसरी घिरटी, तिच्यात तिसरी, अशा पाच घिरट्या एकात एक घातल्या. पहिलीत जमिनीचे बारा रंग फिरणार, दर रंगाला दुसरीत फुलाचे बारा, असं शेवटपर्यंत. अर्ध्या तासात प्रोग्राम तयार. बारा गुणिले बारा गुणिले बारा, असं पाच वेळा. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे बत्तीस साड्या. आकडा मी मास्तरांना ठसक्यात सांगितला. ते नुसतं ‘अरे बाप रे’ म्हणाले आणि बटण दाबलेलं बघायला थांबले.

प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. जेवणाची सुट्टी झाली, कागदाचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत आला, आणि तरी जमीन अजून तांबडीच होती. शेठ आत डोकावले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, “बेन, आ तमारो डबो तो कागळ खाय छे!”

मास्तरांनी वरचा कागद उचलला. डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. पहिलीच ओळ होती: तर्री, तर्री, तर्री, तर्री, तर्री. दुसरी: तर्री, तर्री, तर्री, तर्री, हळद.

“ताई,” ते गंभीरपणे म्हणाले, “ही साडी आहे की शेवभाजीचं पातेलं?”

मला हसूही आलं आणि रागही आला. मी म्हटलं, “मास्तर, तुम्हीच सगळ्या म्हणालात. आता नको त्या तुम्ही खोडा.”

“दोन लाख बसून खोडू? तोवर माझी तेरवी होईल.” ते जमिनीवरच मांडी घालून बसले. “तुम्ही लग्नाची पंगत कधी बसवली आहे का?”

नव्हती बसवली. आमच्याकडं कार्यालयात खुर्च्या असतात, ज्याला जिथं मिळेल तिथं तो बसतो. मास्तरांच्या गावाला मात्र पंगत बसवणं हे मानाचं काम, आणि सुरतेत येण्याआधी त्यांच्याकडं ते होतं. कोण कुणाशेजारी चालत नाही हे सगळं त्यांना पाठ.

“समजा पहिल्या पाटावर मामा बसला,” ते म्हणाले, “आणि दुसऱ्यावर भाचा आला. दोघांची बोलाचाल बंद. मग तिसऱ्या पाटावर कोण, चौथ्यावर कोण, ह्याचा विचार कशाला करायचा? पत्रावळ्या वाढून, वरण ओतून झाल्यावर मग म्हणायचं का, की उठा रे, ही पंगत जमत नाही? भाच्याला तिथंच उठवायचं. पुढचे सगळे आपोआप वाचतात.”

गणिताच्या एम.एस्सी.ला हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी पाच घिरट्या पूर्ण फिरवून शेवटी साडी बघत होते. बघायला हवं होतं दुसऱ्याच पायरीवर. जमीन आणि फूल भांडतात असं दिसलं की खाली उतरायचंच नाही. त्या एका भांडणाखाली पान, काठ आणि रेघ ह्यांच्या सतराशे अठ्ठावीस साड्या असतात, त्या कुणी तयारच करायच्या नाहीत.

“आणि दुसरं,” मास्तर उठता उठता म्हणाले, “वरमाय आधी बसवा.”

“म्हणजे?”

“तिचे नखरे जास्त. तिला दोनच जागा चालतात. ती शेवटी आली तर सगळी पंगत उठवावी लागते. बाकीचे काय, कुठंही बसतील बिचारे.”

साडीतली वरमाय म्हणजे रेघ. तिला तापी किंवा डाळिंब हे दोनच रंग शोभत. आणि मी तिला सगळ्यात आतल्या घिरटीत, सगळ्यात शेवटी बसवलं होतं. मी तिला बाहेर आणलं, पहिला मान दिला.

मग आठवडाभर दुपारी मास्तर येत आणि नियम सांगत. मी ते एकेका ओळीत टाइप करी. पहिला नियम शेठचा होता: काजळ बंद. काळा रंग शेठना अशुभ. शेडकार्डातल्या बारा रंगांत तो होता खरा, पण मिलमध्ये त्याचा डबा कधी उघडलाच नव्हता. मी ती ओळ सगळ्यात वर घातली, कारण तिच्यानं एका फटक्यात सत्त्याऐंशी हजार साड्या कमी होत. मला त्या ओळीचा फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

मग बाकीचे, शंभरएक तरी. एका साडीत एक रंग दोनदा नको. हळदीवर भरताचं वांगं नको, आजारी दिसतं. तापीवर तर्री नको. गडद निळ्या गोकर्णाशेजारी जांभूळ नको. मोरपिसाशेजारी जांभूळ नको. भाकरीशेजारी जवसाच्या फुलाचा फिकट निळा नको. मला स्वतःला निळा जिवापाड आवडतो, त्यामुळं निळ्याला इतकी बंदी बघून मी कुरकुरले. मास्तर म्हणाले, “घाला ताई. ते जमत नाहीत.” घातल्या मी तिन्ही ओळी.

पुन्हा बटण दाबलं. चहावाला येऊन कप ठेवून गेला तेवढ्यात काम झालं. तीन-चार पानं. मास्तर समोर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, “वाचा ताई. मी ऐकतो.”

मी वाचत गेले. ते मान हलवत. मध्येच बोट वर करत, “ही घ्या.” कीर्तन ऐकावं तसे साड्या ऐकत होते. मला वाटलं, असते एकेकाची लहर! त्या दिवसापासून दर नक्षीला हाच रिवाज पडला. यादी छापायची, मी वाचायची, त्यांनी डोळे मिटून निवडायची, आणि किचनमध्ये जाऊन रजिस्टरातल्या मापानं ग्रॅम-ग्रॅम रंग कालवायचे. पार्ट्या खूश होत्या. शेठ म्हणत, मास्तर अने डबो, बेउ सारा, दोघंही चांगले.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. मी माझी आवडती फिकट निळी साडी नेसून बसमध्ये चढले. मास्तर पुढच्या बाकावर होते. वळून म्हणाले, “आज भाकरी नेसलात, ताई?”

मला वाटलं थट्टा. मग त्यांचा चेहरा बघितला, थट्टेचा नव्हता. मी साडीचा पदर बघितला. जवसाच्या शेतासारखा निळा. ह्या माणसानं पंचवीस वर्षं रंग कालवले होते.

मिलच्या फाटकाशी उतरल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. “मास्तर, ही साडी निळी आहे.”

त्यांनी माझ्या साडीकडं पुन्हा एकदा निरखून बघितलं. मग घरच्या बोलीत म्हणाले, “माले निळा दिसत नही, ताई.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दीड वर्ष झालं होतं. आधी निळा मळला, मग जांभळा आणि निळा एक झाले, मग फिकट निळा करड्यात गेला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबा. मास्तरांनाही थांबायचंच होतं. गावच्या शिबिरात त्यांच्या वडिलांचा डोळा कापला, तो कायमचा गेला होता. आणि मिलमध्ये कळलं असतं तर? आंधळ्या रंगमास्तरला कोण ठेवतं?

“म्हणून तुमचा डबा लागला,” ते म्हणाले. “नावं मला सगळी दिसतात. कुठलं नाव कुठल्या नावाशेजारी कसं दिसेल ते डोळे मिटले की दिसतं. उघडले की नाही.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण दीड वर्ष ते सगळ्यांना फसवत होते. पण मला भडभडून आलं. मी म्हटलं, “मी कुणाला सांगणार नाही. पण ऑपरेशन करा.” ते म्हणाले, “करसूत.” म्हणजे करू. त्या ‘करू’त मला काही राम दिसला नाही.

पुढच्याच महिन्यात जळगावहून एका नव्या पार्टीचं पत्र आलं. चौधरी नावाचे व्यापारी. लिहिलं होतं, संक्रांतीसाठी माल हवा, मॅचिंग पाठवा. मास्तर खुशीत. आपल्या खानदेशातली पार्टी! मी यादी काढली, वाचली, त्यांनी निवडली. सुरतेत संक्रांत म्हणजे उत्तरायण, म्हणजे पतंग, गच्च्या आणि उंधियू. “पतंगाचे रंग घ्या,” मास्तर म्हणाले. हळद, तर्री, केळीचं पान. चौदा झकास मॅचिंग छापून आम्ही नमुने रवाना केले.

आठवड्यानं चौधरी स्वतः दत्त म्हणून उभे. शेठच्या केबिनमध्ये आम्हाला दोघांना बोलावलं. टेबलावर आमचे चौदा नमुने पसरलेले.

“बोरसे मास्तर,” चौधरी शांतपणे म्हणाले, “तुम्ही पारोळ्याकडचे ना? संक्रांतीला तुमच्या घरात बाया पिवळं नेसतात?”

मास्तरांनी जीभ चावली. माझी तर कानशिलं तापली. काळी! संक्रांतीला काळी चंद्रकळा! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला हलव्याचे दागिने घालून काळ्या साडीत बसवलं होतं, ती साडी उधन्याच्या घरात कपाटात होती. आणि आम्ही दोन मराठी माणसं, सुरतेत राहून राहून, संक्रांत म्हटलं की वर आभाळाकडं बघायला लागलो होतो. डब्याचं तरी काय चुकलं? त्याला मी पहिल्याच ओळीत सांगून ठेवलं होतं की काजळाच्या वाटेला जाऊच नकोस. आणि वाईट हे, की मुळातच छाटलेली फांदी यादीत दिसत नाही. चुकीची साडी छापली असती तर कुणाच्या तरी नजरेला आली असती. न छापलेली कुणाला दिसणार?

शेठना चौधरींनी समजावलं, की आमच्याकडं त्या सणाला काळं शुभ. मोठी मागणी होती. शेठ थोडे घुटमळले, मग म्हणाले, “मास्तर, काळो बनावो. अमणां ज. चौधरीभाई सामे ऊभा रहेशे.”

आताच. समोर.

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांच्या रजिस्टरात सगळ्या रंगांची मापं होती, पण मिलमध्ये काळा कधी केलाच नव्हता. त्याचं माप नव्हतं. तो डोळ्यानं करायचा. आणि त्या डब्यातलं काजळ नुसतं वापरलं तर कापडावर राखेसारखं फिकं येतं. खोल काळा करायचा तर त्यात गडद निळा, नारिंगी आणि थोडा लाल लागतो. निळा जरा जास्त झाला की काळा राहत नाही, निळाच होतो.

किचनमध्ये आम्ही सगळे उभे. मास्तरांनी चप्पल बाहेर काढली. हात सराईतपणे चालत होते. कालवलं, कापडाच्या पट्टीवर ओढलं, पट्टीला वाफ दिली, बाहेर काढली. उजेडाकडं धरली. बघत राहिले.

“झाला काळा,” ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

तो निळा होता. शाईसारखा. चौधरी दाराजवळ अंधारात उभे होते, शेठचं लक्ष घड्याळाकडं. मी काय बोलणार होते? खरं बोललं तर मास्तरांची खुर्ची जाते, नाही बोललं तर गावोगावच्या सुना संक्रांतीला निळ्या साडीत बसतात. मी नुसती पट्टीकडं बघत राहिले. भित्री म्हणा हवं तर.

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली.

“शेठ,” ते म्हणाले, “मला हा काळा दिसतो. पण ताईंच्या चेहऱ्यावरून कळतं की हा काळा नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दीड वर्ष झालं.”

किचनमधली ढवळणी थांबली. शेठ एकदा पट्टीकडं, एकदा मास्तरांकडं बघायला लागले. “दोढ वरस? ने कोई माल पाछो नथी आव्यो?”

“नाही आला,” मी म्हटलं. आता मला वाचा फुटली. “एकही परत आला नाही, शेठ. सगळ्या मॅचिंगांवर पार्ट्या खूश आहेत.”

“बेन, तमने खबर हती?”

“होती.”

शेठ भडकतील असं मला वाटलं. पण बोलले ते चौधरी. “मास्तर,” ते पुढं येत म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. पण मला काळा हवाच आहे. कसा करता?”

मास्तरांनी मला जवळ बोलावलं. “ताई, निळसर की तांबूस?”

“निळसर.”

“नारिंगी पाच ग्रॅम,” ते कारागिराला म्हणाले. पुन्हा पट्टी, पुन्हा वाफ. “आता?”

“अजून निळसर. थोडासाच.”

“नारिंगी दोन.”

“आता तांबूस वाटतो.”

“गोकर्ण एक.”

चौथ्या पट्टीला मी बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, “मास्तर, माझी चंद्रकळा!” चौधरींनी पट्टी हातात घेतली, बाहेर उन्हात नेली आणि आत येऊन मान हलवली. कारागिरांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर रजिस्टर उघडून माप लिहीत होते. त्यांनी अक्षर मोठं काढलं होतं.

संध्याकाळी शेठनी मास्तरांना बोलावून सांगितलं: रजा घ्या, ऑपरेशन करा, नोकरी आहे. पण किचनमध्ये नवा माणूस येणार. आंधळेपणानं चाललेलं किचन आपल्याला चालणार नाही. शेठचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मास्तरही म्हणाले नाहीत. किचनच्या दाराबाहेरची चप्पल त्यांनी उचलली, झटकली आणि पायात घालून बसकडं गेले.

संक्रांतीच्या दिवशी ते दवाखान्यात होते. मी तिळगूळ घेऊन गेले. आभाळात सगळीकडं पतंग, आणि हे कॉटवर डोळ्यावर पट्टी बांधून. “कोणती साडी नेसलात?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काळी.” ते हसले. “तिळगूळ घ्या ताई, आणि शेठला पण द्या.”

पुढं दुसऱ्या डोळ्याचंही झालं. वडिलांसारखं काही झालं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते कामावर आले. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, पायात बूट. किचनमध्ये राजस्थानातून आलेला नवा मास्तर होता, मोजून-मापून काम करणारा, भला माणूस. बोरसे मास्तरांना टेबल मिळालं माझ्या खोलीत. वातानुकूलित. ते त्या खुर्चीत दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे बसत. बूट-मोज्यांतून बाहेर काढलेले त्यांचे पाय एकदा मी बघितले. टाचा पांढऱ्या पडल्या होत्या. मला ते बघवलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी कपाटातून मागच्या दोन वर्षांचे सगळे नमुने काढले. एकेक तुकडा खिडकीशी नेऊन बघत बसले. न दिसता निवडलेल्या साड्या ते पहिल्यांदा बघत होते. कधी ‘वा!’ म्हणत, कधी ‘अरे देवा’. दुपारपर्यंत चाललं होतं. मग माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“ताई, तीन ओळी खोडा.”

“कुठल्या?”

“गोकर्णाशेजारी जांभूळ नको. मोरपिसाशेजारी जांभूळ नको. भाकरीशेजारी जवस नको. ह्या तिन्ही.”

“पण तुम्हीच म्हणालात, ते जमत नाहीत.”

“मला ते वेगळे दिसत नव्हते हो,” मास्तर म्हणाले. “दोन्ही एकच वाटायचे. मग मी म्हटलं, नको बाबा ही भानगड. बाकीचे नियम रंगांचे आहेत. हे तीन माझ्या डोळ्यांचे होते.”

मी ओळी खोडल्या. बटण दाबलं. प्रिंटर करकरला आणि थांबला, मग आणखी करकरला. आधी कधी न आलेल्या साड्या खाली येत होत्या. निळ्याच निळ्या. मी वाचायला कागद उचलला, तर मास्तरांनी तो माझ्या हातातून घेतला. “द्या,” म्हणाले, “मी वाचतो.”

मे महिन्यात ह्यांची बदली सांगलीला झाली. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घेतला, मास्तर मात्र टेबलावर नव्हते. टेबलाखाली त्यांचे बूट होते. मी शोधत कॉरिडॉरमध्ये आले तर ते समोरून येत होते, हातात दोन ओले तुकडे, एक मोरपिशी, एक जांभळा. नव्या मास्तरला हे दोन शेजारी शेजारी छापायचं जमत नव्हतं, एक दुसऱ्याला गिळत होता, म्हणून त्यानंच बोलावलं होतं म्हणे.

त्यांनी तुकडे माझ्यापुढं एकाला एक लावून धरले. “बघा ताई. भांडतात का?”

“नाही हो,” मी म्हटलं. खरंच नव्हते भांडत. फार सुंदर दिसत होते.

“मग? दोन वर्षं मी उगाच ह्यांना वेगळं बसवलं,” ते म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ‘सुखी राहा माय’ म्हटलं, आणि आतून कुणीतरी ‘मास्टर!’ अशी हाक मारली, तसे लगबगीनं वळले. ते अनवाणी होते. कॉरिडॉरच्या टोकाला उन्हाचा पट्टा पडला होता, त्यातून ते आत गेले. त्यांच्या टाचा जांभळ्या होत्या.